खवले मांजर आणि वाघ: इतके वेगळे प्राणी वंशवृक्षात शेजारी-शेजारी कसे?

पिंपळपान (धागाकर्ता)

सस्तन प्राण्यांच्या आजच्या वंशवृक्षात एक जोडी अशी आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला छापताना काहीतरी गडबड झाली असावी असंच वाटतं. एका फांदीवर वाघ, कुत्रा, अस्वल, मुंगूस, सील असा सगळा मांसाहारी गण दाटीवाटीने बसलाय, आणि त्याच फांदीच्या बेचक्यातून फुटलेल्या दुसऱ्या फांदीवर एकटं खवले मांजर.

वाघाचं सगळं शरीर दातांभोवती उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. सुळे तर सगळ्यांना दिसतात, पण वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे दात मागे असतात: वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ. या दोन्ही एकमेकींवरून घासत जातात आणि मांस कापतात. मांसाहारी गणाची ओळख पटवताना तज्ज्ञ आधी ही जोडी शोधतात. अस्वलांमध्ये ती बोथट झाली, सीलमध्ये जवळजवळ पुसली गेली, पण गणाच्या मुळाशी तीच आहे.

खवले मांजराला मुळात दातच नाहीत. एकही नाही. खालचा जबडा म्हणजे हाडाच्या दोन बारीक पट्ट्या, कारण चावायचंच नाही तर जबड्याला जोर हवा कशाला? जीभ मात्र अफाट लांब, आणि तिचं मूळ घशात नसून छातीच्या हाडाच्या लांबलेल्या टोकाशी, पार पोटाच्या बाजूला. चावण्याचं काम जठराकडे. त्याच्या आतल्या बाजूला केराटिनचे काटे असतात आणि सोबत गिळलेले बारीक खडे. अंगावर केराटिनचे खवले, तेही एकावर एक चढवलेले. वाघाची नखं आत ओढली जातात, याची पुढची नखं वारुळं फोडण्यासाठी कायम बाहेर. आफ्रिकेतली एक जाती तर पुढचे पाय उचलून, शेपटीने तोल सांभाळत, मागच्या दोन पायांवरच चालते.

आतली रचनाही जुळत नाही. मांसाहारी गणात वार गर्भाभोवती पट्ट्यासारखी असते आणि आईच्या ऊतींमध्ये बरीच खोल रुजते. खवले मांजरात ती सगळीकडे पसरलेली आणि वरवर चिकटलेली.

एवढं असूनही २००१ नंतर जवळपास प्रत्येक मोठा जनुकीय अभ्यास एकच सांगतो: आज जिवंत असलेल्या सगळ्या गणांमध्ये खवले मांजराला सर्वांत जवळचा गण मांसाहाऱ्यांचा.

माझं म्हणणं असं की हे नातं आपण जवळजवळ पूर्णपणे जनुकांच्या भरवशावर मान्य केलंय. शरीर इथे नावापुरतं साक्षीला उभं आहे. हे खटकायला हवं की नको, यावर इथल्या जाणकारांचं मत वाचायला आवडेल.

तिरपागडा

वाघाची मावशी मांजर, हे लहानपणापासून ऐकत आलोय. आता ही खवले घातलेली आत्या कुठून उगवली?

दुर्बीण

@तिरपागडा, आत्या फक्त वाघाची नाही, गोची तिथेच आहे. ती वाघाची जेवढी, तेवढीच लांडग्याची, अस्वलाची आणि सीलची. खवले मांजराची फांदी फुटली तेव्हा मार्जारकुळ, श्वानकुळ वगैरे काही नव्हतंच. सगळ्या मांसाहाऱ्यांचा एक सामाईक पूर्वज होता आणि त्याच्याही मागे जाऊन ही वाट वेगळी झाली. जनुकीय अंदाज साधारण ७ ते ८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर अजून होते.

त्यामुळे ‘वाघाचा सर्वांत जवळचा नातेवाईक खवले मांजर’ असं कुठे वाचलंत तर ते सरळ खोडून टाका. वाघाच्या जवळचे म्हणजे हिमबिबट्या, सिंह, बिबट्या, मग बाकी मार्जारकुळ, मग तरस, मुंगूस, जवादी मांजर, मग कुत्री-अस्वलं-सील. आत्याबाई या सगळ्यांनंतर येतात.

रानवेडी

धागा मस्त. पण एक प्रामाणिक शंका. दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांचं इतकं जुळतं की पुस्तकात ते शेजारी असायला हवेत. दोघांना दात नाहीत, दोघांची जीभ दोरीसारखी, दोघं वारुळं फोडतात. मग ते लांबचे आणि वाघ जवळचा, हे पचत नाही.

पिंपळपान

@रानवेडी, ही शंका दोनशे वर्षं जुनी आहे आणि त्या काळात बहुतेकांचं उत्तर तुमच्यासारखंच होतं.

आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत खवले मांजराला ‘ब्रूटा’ नावाच्या गणात टाकलं. सोबत कोण? हत्ती, समुद्रगाय, स्लॉथ आणि मुंगीखाऊ. आज ती यादी वाचून हसू येतं, पण पुढचे पटाशीचे दात नसलेले प्राणी एकत्र ठेवायचे असा त्यामागचा साधा विचार होता. मजा म्हणजे अंगावर चिलखत असलेला आर्माडिलो त्याने तिथे ठेवला नाही. तो डुक्कर, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग आणि चिचुंद्रीसोबत वेगळ्याच गणात गेला.

नंतर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कूव्हिएच्या काळात ‘इडेन्टाटा’, म्हणजे दंतहीन, हा गट रूढ झाला. त्यात स्लॉथ, मुंगीखाऊ, आर्माडिलो, खवले मांजर, आफ्रिकेतला वाळवीखाऊ आर्डव्हार्क असे सगळे कोंबले. दंतहीन म्हणावं तर त्यातल्या महाआर्माडिलोला ८०-१०० दात असतात! भूचर सस्तनांत एवढे दात दुसऱ्या कोणाला क्वचितच.

हा गट फुटला तो पाठीच्या कण्यावरून. स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो यांच्या कमरेकडच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात. हे सांधे इतर सस्तनांत नाहीत. खवले मांजरातही नाहीत. म्हणून त्या तिघांचा ‘झेनार्थ्रा’ गट वेगळा काढला आणि खवले मांजराला १९०४ मध्ये माक्स वेबरने स्वतंत्र गण दिला, फोलिडोटा. आर्डव्हार्कही वेगळा पडला.

तरीही गंमत संपली नाही. गण वेगळा मानूनसुद्धा हाडांवरून काढलेल्या अनेक वंशवृक्षांत, अगदी १९९० च्या दशकापर्यंत, फोलिडोटा आणि झेनार्थ्रा शेजारीच बसत होते.

आणि जुळतं म्हणताय ते बारकाईने पाहिलं की विरायला लागतं. आर्माडिलोचं चिलखत मुळात हाडाचं, वर शिंगासारखा थर; खवले मांजराच्या खवल्यांत हाड अजिबात नाही. मुंगीखाऊला तर चिलखतच नाही, झुबकेदार केस आहेत. दात जाणं, गालाचं हाड अर्धवट राहणं, कवटी नळीसारखी होणं, ही मुंग्या-वाळवी खाऊन जगण्याची किंमत आहे. जो कोणी तो धंदा पत्करतो त्याला ती मोजावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या एकिडनाने तर अंडी घालूनही तीच मोजली.

जनुकीय हिशेबाने मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांचा सामाईक पूर्वज साधारण १० कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे खवले मांजर मुंगीखाऊपेक्षा घोडा, वटवाघूळ आणि व्हेल यांना जवळचं आहे.

तिरपागडा

वटवाघूळ?? बरं. मी गप्प बसतो.

शंकासुर

पिंपळपान यांनी प्रश्न चांगला टाकला आणि मग स्वतःच उत्तरात विरघळवून टाकला असं वाटतंय. मला तो खटकतो.

तर्क पाहा. दात जुळले तर म्हणायचं, ‘अभिसारी उत्क्रांती, सारख्या धंद्यामुळे सारखं शरीर’. दात, नखं, वार, कातडी, काहीच जुळलं नाही तर म्हणायचं, ‘काळ फार लोटला, शरीर बदललं’. म्हणजे शरीर जुळो की न जुळो, उत्तर आधीच ठरलेलं. मग शरीराचा पुरावा म्हणून उपयोग काय? ७-८ कोटी वर्षांपूर्वी फांदी फुटली असेल तर दोन्ही बाजूंना सामाईक वारशाचा एखादा तरी अवशेष दाखवा. ‘जनुकं सांगतात’ एवढ्यावर मी मान डोलावणार नाही.

हाडवैद्य

@शंकासुर, अवशेष आहेत. दोन नेहमी सांगितले जातात. एक बरा आहे, दुसरा दिसतो तितका नाही.

बरा तो कवटीत. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. माणसात तो चिवट पापुद्र्याचा. वाघ, कुत्रा, अस्वल यांच्यात त्या पडद्याच्या जागी हाडाची पाटी असते. वाघाची कवटी मधोमध कापली की ती आत स्पष्ट दिसते. खवले मांजरातही तशी हाडाची पाटी आहे. या पाटीचा शिकारीशी संबंध लावता येईल, पण वारूळ फोडणाऱ्याला तिचा काय उपयोग, हे सांगणं अवघड. म्हणूनच ती मोलाची वाटते, जगण्याच्या पद्धतीतून न आलेली खूण. अर्थात पडद्याचं थोडंफार हाड होणं घोड्यासारख्या इतर काही सस्तनांतही दिसतं, त्यामुळे एकट्या पाटीवर कोणी पैज लावत नाही.

दुसरा मनगटात. आपल्या मनगटात नौकाकार आणि चंद्राकार अशी दोन वेगळी हाडं असतात. आजच्या सगळ्या मांसाहाऱ्यांत ती जुळून एक झालेली असतात, आणि खवले मांजरातही. पाहताक्षणी वाटतं, सापडलं! पण मांसाहारी गणाच्या मुळाशी जे जुने जीवाश्म आहेत, मियासिड वगैरे, त्यांच्यात ही हाडं अजून सुटी आहेत. म्हणजे मांसाहाऱ्यांमध्ये हा जोड नंतर, गणाच्या आतल्या प्रवासात झाला. मग खवले मांजरातला जोड वेगळाच घडलेला असणार. खोदणाऱ्याला घट्ट मनगट हवंच असतं.

थोडक्यात, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. हाडांचा पुरावा आहे, पण हाडं एकटी असती तर हे नातं कोणी सुचवलंही नसतं.

वाचनमात्र

फार दिवसांनी लॉगिन केलं ते केवळ या धाग्यासाठी. हाडाच्या पाटीबद्दल पहिल्यांदाच वाचलं. चालू द्या.

दुर्बीण

आता जनुकांच्या बाजूने थोडं, कारण शंकासुरांनी ‘जनुकं सांगतात’ हे वाक्य असं काही टाकलंय की जणू देववाणी आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत नेचर मासिकात एकाच वेळी दोन लेख आले. वेगवेगळे गट, जनुकांची निवडही बरीच वेगळी, आणि वार असलेल्या सस्तनांचे जे चार मोठे समूह निघाले ते दोघांचे सारखे. हत्ती-समुद्रगाय-आर्डव्हार्क एकीकडे, झेनार्थ्रा दुसरीकडे, उंदीर-ससे-माकडं तिसरीकडे, आणि चौथ्यात वटवाघळं, घोडे, गायी-व्हेल, चिचुंद्र्या, मांसाहारी. खवले मांजर त्या चौथ्यात पडलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जनुकं सगळीकडे ठाम नसतात. याच चौथ्या समूहात घोडा कुठे बसवायचा यावर अजून एकमत नाही. २००६ मध्ये एका जपानी गटाने जनुकसंचात मध्येच घुसलेल्या तुकड्यांवरून वटवाघूळ, घोडा, मांसाहारी आणि खवले मांजर असा एक गट काढला आणि त्याला ‘पेगासोफेरी’ असं पंखवाल्या घोड्याचं झोकदार नाव दिलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो गट टिकला नाही. कारण या फांद्या फार थोड्या काळात एकामागून एक फुटल्या, आणि एवढ्या गर्दीत जनुकांचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळा इतिहास सांगतात.

पण या सगळ्या वादावादीत खवले मांजर आणि मांसाहारी ही जोडी हलत नाही. घोडा इकडे जातो, तिकडे जातो, वटवाघूळ सरकतं, जोडी तिथेच. थोडी जनुकं घेतली तरी, संपूर्ण जनुकसंच घेतला तरी. ज्या पद्धतीला ‘मला इथे नक्की सांगता येत नाही’ असं म्हणता येतं, ती इथे ठाम आहे. माझा भरवसा त्यावर आहे.

शंकासुर

हे उत्तर आधीच्यापेक्षा बरं आहे. घोड्याचं उदाहरण पटलं. तरी एक विचारतो. व्हेल आणि पाणघोडा यांचं नातंही आधी रेणूंवरूनच सांगितलं गेलं ना? तिथे शेवटी हाडं मिळाली. इथे का मिळत नाहीत?

हाडवैद्य

बरोबर जागी बोट ठेवलंत. त्या प्रकरणात आधी जीवाश्मतज्ज्ञ मेसोनिक्ससारख्या खुरवाल्या मांसभक्षकांना व्हेलचे पूर्वज मानत, कारण दात जुळत होते. १९९० च्या दशकात रेणू वेगळं सांगू लागले, व्हेल पाणघोड्याजवळची. बराच काळ दोन्ही बाजू अडून बसल्या. मग २००१ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या आदिव्हेलच्या सांगाड्यांत घोट्याचं हाड मिळालं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं. असं हाड फक्त समखुरी प्राण्यांत, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा यांच्यात असतं. वाद तिथे मिटला असं म्हणायला हरकत नाही.

व्हेलला नशीब दोन बाबतींत लाभलं. एक, पाय असलेल्या व्हेलपासून बिनपायाच्या व्हेलपर्यंत मधल्या पायऱ्यांचे जीवाश्म मिळाले. दोन, समखुरी प्राण्यांकडे एक असं हाड होतं की पाहताच ओळखू यावं.

खवले मांजराकडे दोन्ही नाही. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचं ‘इओमॅनिस’ मिळालंय, खवल्यांसकट. पण ते तेव्हाच पुरतं खवले मांजर आहे! दात नाहीत, जबडा बारीक. त्यावरून पूर्वज कसा होता हे कळत नाही. म्हणजे फांदी फुटली ७-८ कोटींवर आणि पहिला ओळखू येणारा जीवाश्म ४.७ कोटींवर. मधली ३ कोटी वर्षं जवळजवळ अंधारात.

जवळजवळ म्हणतो, कारण उत्तर अमेरिकेत त्या काळातले पॅलिअॅनोडोंट नावाचे खोदणारे प्राणी मिळतात. पायांची हाडं खवले मांजराकडे झुकणारी, दात असलेले पण खुंटासारखे उरलेले. बरेच तज्ज्ञ त्यांना या फांदीच्या बुडाशी ठेवतात. तेही गृहीत धरलं तरी कापणारी दाढ त्यांच्यात नाही, त्यामुळे मांसाहाऱ्यांकडे जाणारा पूल अर्धवटच राहतो.

मेसेलचाच आणखी एक किस्सा. तिथून ‘युरोटॅमॅन्डुआ’ नावाचा एक सांगाडा निघाला आणि १९८१ मध्ये तो चक्क मुंगीखाऊ म्हणून जाहीर झाला. दक्षिण अमेरिकेबाहेरचा एकमेव! खंड कसे जोडलेले होते यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पुढे पाहिलं तर कण्यातले ते जादा सांधे नाहीत. आता तो खवले मांजराच्या गोतावळ्यात किंवा त्याच्या आसपास ठेवतात. शरीर पाहून नातं ठरवण्याची किंमत ही अशी.

वाचनमात्र

एक प्रश्न विचारतो, बाळबोध असेल तर सोडून द्या. दात नाहीत म्हणून दातांवरून तुलना होत नाही, हे समजलं. पण दात बनवणारी जनुकं तर असतील ना? ती नुसती बंद पडलेली?

दुर्बीण

@वाचनमात्र, बाळबोध कसला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

हो, असतात, मोडक्या अवस्थेत. दातावरचं एनॅमल बनवायला लागणारी तीन मुख्य जनुकं खवले मांजराच्या जनुकसंचात अजून जागच्या जागी सापडतात, पण मधली अक्षरं गळालेली किंवा वाढलेली, त्यामुळे वाचता येत नाहीत. दात गेले की नैसर्गिक निवड त्या जनुकांकडे पाहत नाही, मग बिघाड साचत जातात. मुंगीखाऊ आणि बिनदाताच्या व्हेल यांच्यातही एनॅमलचं जनुक असंच मोडलंय, पण मोडलंय वेगवेगळ्या ठिकाणी. तिघांचे दात वेगवेगळ्या वेळी, आपापल्या वाटेने गेले याची ती पावती.

वाघाकडेही असं एक मोडकं जनुक आहे, गोडाची चव ओळखणारं. सगळ्या मार्जारकुळात ते बंद आहे, २००५ मध्ये लक्षात आलं. वाघाला साखर आणि खडा सारखाच.

शंकासुर

मोडकी जनुकं हा मला पटणारा पुरावा आहे. शरीरच आहे ते, फक्त खोल गाडलेलं. पाटीपेक्षा हे जास्त बोलकं. तरी ‘वेगळ्या ठिकाणी मोडलं म्हणून मुंगीखाऊ लांब’ यातून वाघ जवळ आला असं होत नाही. पूल अर्धवट आहे, तो अर्धवट आहे असंच लिहा, एवढाच माझा आग्रह.

पिंपळपान

@शंकासुर, त्यावर माझा वाद नाही, धागा काढला तो त्यासाठीच. पण तीन कोटी वर्षांच्या पोकळीचं भांडवल करून नातंच संशयास्पद ठरवायलाही मी तयार नाही. जीवाश्म न मिळण्याची साधी कारणं असतात. ओळख पटवायला सस्तनांचे दातच सर्वांत टिकाऊ. ज्याने दातच सोडले त्याने आपल्या इतिहासाची पानं स्वतःच फाडली. जंगलात राहणारा, संख्येने विरळ, बिनदाताचा प्राणी जीवाश्म होऊन आपल्यापर्यंत पोचला हेच आश्चर्य. मेसेलची खाण नसती तर ४.७ कोटींचाही पत्ता लागला नसता.

रानवेडी

मग इतकं ठाम आहे तर खवले मांजराला मांसाहारी गणातच का टाकत नाहीत? गण वेगळा कशाला?

पिंपळपान

गण कुठे संपतो हे निसर्ग ठरवत नाही, आपण ठरवतो. निसर्गात फांद्या आहेत. कोणत्या बेचक्यावर ‘गण’ ही पाटी ठोकायची हा सोयीचा भाग. मांसाहारी गण त्या कापणाऱ्या दाढेवरून बांधलाय. खवले मांजर आत घेतलं तर ती खूण गणाची राहत नाही. शिवाय मध्ये हायनोडोन्ट वगैरे नामशेष मांसभक्षकांचे गट आहेत, त्यांनाही मग आत घ्यावं लागेल.

म्हणून दोघांना मिळून वरच्या पातळीवर ‘फेरी’ असं नाव वापरतात. हे नाव लिनियसचंच. त्याच्या फेरीत वाघ, कुत्रा, अस्वल, मुंगूस, सील होते आणि खवले मांजर हत्तीशेजारी ब्रूटात. आता ब्रूटा गेलं आणि खवले मांजर फेरीत आलं.

आकाराचा फरकही पाहा. मांसाहारी गणात पावणेतीनशेच्या वर जाती, खवले मांजराच्या फक्त आठ: चार आशियात, चार आफ्रिकेत. २०२३ मध्ये नुसत्या डीएनएवरून नववी जाती सुचवली गेली, जप्त केलेल्या खवल्यांमधून. जिवंत प्राणी कोणी पाहिलेला नाही. शंकासुर, यावर तुम्ही काय म्हणणार ते आत्ताच ऐकू येतंय.

शंकासुर

प्राणी आणा, मग बोलू.

तिरपागडा

आणि तो आर्डव्हार्क? त्याचं काय झालं? तोही वाघाचा काका वगैरे निघतो का?

हाडवैद्य

नाही, तो हत्तीच्या गोटात. तिथे तर हत्ती, समुद्रगाय आणि मुठीएवढी सोनेरी छछुंदर असे सगळे एकत्र आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय.